वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : स्कॉटिश पॅरिशमधली नावं आणि खुणा नोंदवताना

स्कॉटलंडच्या ग्रामीण भागात राहणारे काही वाचक आपापल्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या जुन्या ग्रामविभागातल्या, टेकड्या, ओढे, शेतं, पडकी घरं, विहिरी आणि हद्दीचे दगड यांची नावं गोळा करू लागले आहेत. त्यांच्याकडून आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. यातली कितीतरी नावं कुठल्याच छापील नकाशावर नाहीत. ती आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या मेंढपाळांच्या, शेतकऱ्यांच्या तोंडी तेवढी उरली आहेत. त्यामुळे उत्तरं लांबली तरी तपशील गाळलेला नाही.

आमची पॅरिश पर्थशरच्या डोंगराळ भागात आहे. स्थानिक इतिहास मंडळातले आम्ही पाच जण या कामाला लागत आहोत. आधी लोकांकडे जावं की नकाशांकडे?

आधी नकाशे, पण त्यात महिन्याभराहून जास्त रमू नका. नकाशा न वाचता माणसांकडे गेलात तर त्यांनी सांगितलेलं नवं काय आणि छापलेलं काय, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळणार नाही.

सगळ्यात आधी हद्द ठरवा. 1889 च्या स्थानिक शासन कायद्यानंतर नेमलेल्या आयुक्तांनी 1891 च्या सुमारास अनेक पॅरिशांच्या सीमा बदलल्या. एका पॅरिशचा तुकडा दुसरीच्या मधोमध पडलेला असे, तसे कितीतरी तुकडे तेव्हा शेजारच्या पॅरिशला जोडले गेले. 1930 पासून पॅरिशकडे प्रशासनाचं काम उरलं नाही, आणि आजच्या कम्युनिटी कौन्सिलच्या हद्दी आणखी वेगळ्या आहेत. कुठली हद्द धरली ते नोंदीच्या पहिल्याच पानावर लिहा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशाच्या पहिल्या आवृत्तीतली हद्द धरावी, असं आमचं मत आहे, कारण पुढचे बहुतेक जुने कागद तिच्याशी जुळतात. हद्दीबाहेरचा अर्धा मैलही कामात घ्या. डोंगरावरची चराई दोन पॅरिशांच्या सामाईक वापरात असते आणि हद्दीवरच्या टेकडीला दोन बाजूंनी दोन नावं असणं नेहमीचं आहे.

हा सहा इंची नकाशा नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर मोफत दिसतो. आजच्या उपग्रहचित्रावर तो ठेवून कमी-जास्त पारदर्शकही करता येतो. त्यावरचं प्रत्येक नाव तक्त्यात एका ओळीला एक असं उतरवा आणि शेजारी शीट क्रमांक लिहा. मग 1890 नंतरची दुसरी आवृत्ती उघडा आणि कुठली नावं गळली, कुठली नव्याने आली ते बघा. लागवडीच्या भागासाठी 1855 पासून पंचवीस इंची नकाशेही निघाले. त्यांत विहिरी, पाणचक्कीचे पाट, चुनाभट्ट्या नीट दिसतात. उघड्या डोंगरमाळाला मात्र सहा इंचीच आहे.

शेतांच्या नावांसाठी इंग्लंडमध्ये टाइद, म्हणजे चर्चच्या करासाठी काढलेले, नकाशे आहेत. स्कॉटलंडमध्ये ते काढलेच गेले नाहीत. इथे लिखित आधार मुख्यतः इस्टेटच्या नकाशांचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनींची नव्याने आखणी झाली तेव्हा मोजणीदारांनी तुकड्या-तुकड्याचं नाव आणि क्षेत्र लिहून ठेवलं. एडिनबरोच्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये असे हजारो नकाशे आरएचपी या क्रमांकाने लावलेले आहेत. त्यांतली क्षेत्रं वाचताना सावध राहा : जुना स्कॉट्स एकर आजच्या एकराच्या सुमारे सव्वापट. एखादं शेत आज साडेबारा एकर भरतं आणि नाव ‘टेन एकर’ आहे, याचं कारण बहुधा तेच.

1747 ते 1755 या काळातला रॉय यांचा लष्करी नकाशा आणि 1654 चा ब्लाउचा अ‍ॅटलास जरूर बघा, पण त्यांवरून जागा ठरवू नका. रॉय यांच्या सैनिकांनी नावं कानाला लागली तशी लिहिली आणि त्या नकाशाला त्रिकोणमापनाचा पाया नाही. 1617 पासूनचं सेसिन्सचं जमीन-रजिस्टर, 1841 पासूनची जनगणना, 1855 पासूनचे घरपट्टीसाठीचे व्हॅल्युएशन रोल्स हे सगळं डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. तेव्हा दिवस जेमतेम सात तासांचा असतो आणि डोंगरावर फारसं काही होत नाही.

ऑर्डनन्स सर्व्हेच्या नेमबुकात आमच्या एका टेकडीची तीन स्पेलिंगं आहेत आणि नकाशावर चौथंच छापलंय. कुठलं खरं मानायचं?

चारही उतरवा. निवड करणं हे या टप्प्याचं काम नव्हे.

नेमबुक म्हणजे नकाशा काढताना मोजणीदारांनी भरलेल्या वह्या. स्कॉटलंडच्या वह्या साधारण 1845 ते 1880 मधल्या आहेत. मूळ वह्या नॅशनल रेकॉर्ड्सकडे ओएस 1 या मालिकेत आहेत आणि त्यांची पानं ऑनलाइन पाहता येतात. प्रत्येक पानावर रकाने ठरलेले : नकाशावरचं रूप, स्पेलिंगचे निरनिराळे प्रकार, कुणाच्या सांगण्यावरून, ठिकाण आणि वर्णन. घाईत बहुतेक जण पहिला आणि शेवटचा रकाना वाचतात. खरी माहिती असते ‘कुणाच्या सांगण्यावरून’ या रकान्यात. मालक, त्याचा फॅक्टर म्हणजे इस्टेटचा कारभारी, पॅरिशचा मिनिस्टर म्हणजे धर्मगुरू आणि शाळामास्तर यांचा शब्द तिथे वजनदार मानला जाई. कूळ आणि मेंढपाळ मागे पडत. तीन साक्षीदारांची नावं दिसली, पण तिघंही एकाच इस्टेटच्या कचेरीतले असतील, तर तो एकच आवाज समजा.

गेलिक ही हायलँडची जुनी भाषा जिथे बोलली जाई त्या भागात आणखी एक अडचण येते. मोजणीदारांना बहुधा गेलिक येत नसे, मग कुणा शिकलेल्या माणसाकडून स्पेलिंग तपासून घेत. तो ते पुस्तकी गेलिकमध्ये बसवून देई. त्यामुळे छापील रूप व्याकरणाने चोख आणि गावातल्या उच्चारापासून लांब, असं होऊ शकतं. खोडलेली नावं तर मुद्दाम वाचा. ‘पुरेसं महत्त्वाचं नाही’ म्हणून वगळलेलं नाव तिथे काट मारलेल्या शाईखाली शाबूत असतं आणि बाकी कुठेच नसतं. प्रत्येक रूपासोबत वहीचा क्रमांक आणि पान लिहा. मुळातली चूकही चुकीसकट उतरवा.

वयस्कर शेतकऱ्यांना विचारायला गेलो की ‘तुम्हाला नकाशावर मिळेल सगळं’ म्हणतात आणि बोलणं तिथेच थांबतं. विचारायचं कसं?

नावं विचारू नका, वाट विचारा. ‘इथली नावं सांगा’ म्हटलं की कुणालाही काही आठवत नाही. ‘मेंढ्या गोळा करायला सकाळी कुठून सुरुवात करायचात? मग कुत्रं कुठे पाठवायचात? धुकं आलं तर कुठे थांबायचात?’ असं विचारलं की नावं आपोआप ओळीने येतात, कारण मेंढपाळाच्या मनात ती त्याच क्रमाने असतात. हीच गोष्ट शाळेच्या पायवाटेची, जळणासाठी पीटची माती काढायच्या दिवसांची, बर्फात अडकलेल्या मेंढ्या शोधण्याची.

माणसं निवडताना फक्त जमीनमालकांकडे जाऊ नका. मेंढपाळ, गेमकीपर, हरणांच्या शिकारीला नेणारे स्टॉकर, पोस्टमन, जंगलखात्यासाठी झाडं लावलेले मजूर यांना भेटा. साल्मन पकडणाऱ्यांना नदीवर नेणारे गिली तर अगदी आवर्जून भेटा. टे, स्पे, डी, ट्वीड अशा नद्यांवर माशांच्या प्रत्येक डोहाला नाव आहे आणि ती यादी शेतकऱ्याला बहुधा माहीत नसते. बायकांना स्वतंत्रपणे भेटा. पुरुष डोंगराची नावं सांगतात. विहिरी, कपडे वाळत घालायच्या हिरवळी, बेरी वेचायच्या जागा, घरामागचे वाडे आणि शाळेची वाट बायकांकडून कळते. ‘यजमानांना सगळं ठाऊक आहे’ असं म्हणत त्या आत निघून जातात. त्यांना थांबवून घ्या.

सोबत ए3 आकाराचा, एकास दहा हजार किंवा एकास पाच हजार प्रमाणाचा नकाशा न्या. त्यावर नावं नकोत, फक्त ओढे, कुंपणं, रस्ते, इमारती आणि उंचीच्या रेषा हव्यात. छापलेलं नाव समोर असलं की माणूस तेच वाचून दाखवतो आणि स्वतःचं नाव गिळतो. दर माणसाला नवी प्रत आणि वेगळ्या रंगाची पेन्सिल. दोघं जा : एकाने बोलावं, दुसऱ्याने नकाशा सांभाळावा. एका बैठकीला तास-दीड तास पुरे. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. पहिल्या भेटीनंतर माणूस मनात ती वाट चालत राहतो, म्हणून दुसऱ्या भेटीत जास्त मिळतं.

ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर करा. स्टिरिओत तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. मायक्रोफोन तोंडापासून दीड वीत अंतरावर असू द्या आणि थेट टेबलावर ठेवू नका, नाहीतर चहाच्या कपाचा प्रत्येक आवाज नावावर येऊन बसतो. फ्रिज आणि भिंतीवरचं घड्याळ यांपासून लांब बसा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि कोण बोलतंय ते सांगून घ्या.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. बोलणारा नकाशावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘हे इथलं, आणि ते त्या पलीकडचं.’ मुद्रणात ‘इथलं’ आणि ‘पलीकडचं’ एवढंच राहतं. म्हणून बोट पडलं की नकाशावर क्रमांक टाका आणि तो मोठ्याने उच्चारा : ‘क्रमांक चौदा, झाडीच्या उत्तरेकडचा कोपरा, ओढ्याच्या या बाजूला.’ हे सुरुवातीला कृत्रिम वाटतं. पहिल्या दहा क्रमांकांनंतर बोलणारे स्वतःच क्रमांक विचारू लागतात.

‘याला अमुक म्हणतात ना?’ असा प्रश्न कधीच नको. चार पाहुण्यांसमोर कोण नाही म्हणेल? आणि सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावण्याचं काम दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. पहिल्याच फेरीत तसं केलंत तर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचं नाव सर्वांचं होतं.

संमतीपत्र मुद्रणाआधी भरून घ्या. यूके जीडीपीआर आणि 2018 चा डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट हे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कायदे आहेत. ते तुमच्या छोट्या मंडळालाही लागू पडू शकतात, तेव्हा सुरुवातीपासून तसंच वागा. मुद्रण कुठे राहील, कोण ऐकेल, बोलणाऱ्याचं नाव छापायचं की नाही आणि त्याला संमती मागे कशी घेता येईल, एवढं साध्या भाषेत लिहिलेलं एक पान पुरतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी ओघात आलेलं बोलणं सार्वजनिक प्रतीतून काढा.

मला गेलिक येत नाही, ध्वनिलिपीही येत नाही. ऐकलेलं नाव लिहू कसं?

नाव तीन वेळा म्हणवून घ्या : एकदा सुटं, एकदा वाक्यात, एकदा ‘तिथे जातो’ अशा अर्थाने. इथले लोक काही ठिकाणी ‘वर’ जातात, काही ठिकाणी ‘खाली’, काही ठिकाणी ‘पलीकडे’, आणि ती दिशा बऱ्याचदा नकाशाच्या उत्तर-दक्षिणेशी जुळत नाही. नावाआधी ‘द’ लावतात की नाही, तेही टिपा. तीन उच्चारांचा दहा सेकंदांचा तुकडा कापून त्याला नोंदीचा क्रमांक द्या. हा तुकडा म्हणजे खरी नोंद. लिहिलेलं नाव हा तिच्याकडे नेणारा दुवा.

स्पेलिंगवरून उच्चार गृहीत धरणं स्कॉटलंडमध्ये महागात पडतं. मिल्नगेव्ही असं वाचता येईल अशा गावाला लोक ‘मल्गाय’ म्हणतात, स्ट्रॅथअेव्हनला ‘स्ट्रेव्हन’, कर्ककडब्राइटला ‘कर्कूब्री’. कल्झीन दिसणाऱ्या किल्ल्याचा उच्चार ‘कलेन’. तिथला झेड मुळात झेड नाहीच. जुन्या स्कॉट्स भाषेत ‘योख’ नावाचं एक अक्षर होतं, छापखान्यांकडे ते नव्हतं, म्हणून दिसायला जवळचा झेड बसवला गेला.

आघात कुठे पडतो ते दर वेळी लिहा. गेलिक किंवा पिक्टिश (प्राचीन पिक्ट लोकांच्या भाषेतल्या) बनावटीच्या जोडनावात आघात सहसा पुढच्या, विशेष सांगणाऱ्या भागावर पडतो : इन्व्हर‘नेस’, अ‍ॅबर‘डीन’, बॅल‘मॉरल’. स्कॉट्स आणि इंग्रजी बनावटीच्या नावात तो पहिल्या भागावर असतो : ‘कर्क’टन, ‘ब्लॅक’बर्न. पुढे अभ्यासक नावाची भाषा ठरवतील तेव्हा त्यांना या एका खुणेची फार मदत होईल, आणि ती बोलणाऱ्याच्या तोंडूनच मिळते.

घाईच्या टिपणाला देवनागरी उत्तम. फक्त ‘लॉख’मधला शेवटचा ध्वनी आपल्या ‘ख’पेक्षा घशातून घासत येतो, त्याखाली नुक्ता द्यायची सवय ठेवा. अंतिम तक्त्यात मात्र ध्वनीचा तुकडा आणि जमल्यास जाणकाराकडून ध्वनिलिपी हवी.

स्वतःहून सुधारणा करू नका. ‘बर्न’चा स्ट्रीम, ‘नाउ’चा नॉल, ‘कर्क’चा चर्च होता कामा नये. उलट दिशेने, गेलिकसारख्या वाटणाऱ्या नावाला गेलिक स्पेलिंगही चढवू नका. प्रमाण गेलिक रूपासाठी वेगळा रकाना मोकळा ठेवा आणि तो अन्मन-आच्य ना हालपा या गेलिक स्थळनावांच्या राष्ट्रीय संस्थेच्या माहितीवरून भरा. 1981 च्या लेखननियमांपासून गेलिकमध्ये डावीकडे झुकणारी एकच मात्राखूण वापरतात. जुन्या कागदांत दोन्ही प्रकार दिसतील. जुन्या रूपात त्या जशाच्या तशा राहू द्या.

जागा नेमकी कशी नोंदवावी? फोनवरून घेतलेले बिंदू नकाशावर शेजारच्या शेतात पडतात.

बहुधा दोन मोजपद्धतींची सरमिसळ झाली आहे. फोन डब्ल्यूजीएस 84 पद्धतीचे अक्षांश-रेखांश देतो आणि ब्रिटिश नॅशनल ग्रिड, म्हणजे ब्रिटिश नकाशांवरची चौकोनांची जाळी, ओएसजीबी 36 वर बेतलेला आहे. एकातले आकडे दुसऱ्यातले समजून टाकले की बिंदू शंभर मीटरच्या आसपास सरकतो. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प 27700 या संदर्भक्रमांकावर ठेवा आणि फोनचे बिंदू 4326 म्हणून आणा. रूपांतर ते स्वतः करतं.

ग्रिड संदर्भात आधी पूर्वेकडचा आकडा, मग उत्तरेकडचा. एनएन 74 47 म्हणजे फॉर्टिंगॉलजवळचा एक किलोमीटर बाजूचा चौकोन. सहा आकडी संदर्भ शंभर मीटरपर्यंत नेतो, आठ आकडी दहा मीटरपर्यंत, दहा आकडी एका मीटरपर्यंत. विहीर, दगड, पूल यांना आठ आकडे द्या. फोनवर दहा आकडे दिसतात म्हणून दहा लिहू नका. उघड्या माळावर फोनची अचूकता पाच-दहा मीटर, आणि झाडीत किंवा अरुंद घळीत त्याहून बरीच वाईट. संदर्भातली अक्षरं गाळू नका. ती नसतील तर तेच आकडे दर शंभर किलोमीटरवर पुन्हा येतात.

सगळ्याच नावांना बिंदू पुरत नाही. शेताला आणि माळाला क्षेत्र लागतं, ओढ्याला आणि जुन्या गुरांच्या वाटेला रेषा. डोंगराच्या नावाचं काय, हे तर बोलणाऱ्यालाच विचारावं लागतं : शिखर, सबंध डोंगर, की आपल्या बाजूचा उतार? छापील नकाशा नाव शिखराजवळ लिहितो आणि हा फरक पुसून टाकतो. ओढ्याचं नाव पूर्ण लांबीला आहे की एका फार्मपासून दुसऱ्यापर्यंतच, तेही विचारा. वर एक नाव, खाली दुसरं असं पुष्कळ ठिकाणी आहे. जागा निश्चित नसेल तर ‘जागा : अंदाजे’ असा शेरा द्या आणि किती मीटरच्या परिघात, तेही लिहा.

तक्त्यात प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक हवा. मग ऐकलेलं रूप, सांगणाऱ्याचा संकेतांक, त्याचा जन्मदशक आणि तो त्या भागात कधीपासून राहतो, तारीख, वस्तूचा प्रकार, संदर्भ, संदर्भ कसा घेतला, ध्वनीफाइल, छायाचित्रं, लिखित रूपं आणि त्यांचे स्रोत. दोघांनी एकाच जागेची दोन नावं सांगितली तर ओळी दोन, जागेचा क्रमांक एक. ‘अर्थ’ हा रकाना सगळ्यात शेवटी.

पडक्या भिंती, गोल वाडे, अक्षरं कोरलेले दगड पदोपदी आहेत. काय-काय नोंदवायचं? आणि दुसऱ्याच्या जमिनीवर फिरायला परवानगी लागते का?

2003 च्या लँड रिफॉर्म कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक जमिनीवर जबाबदारीने चालत जाण्याचा हक्क दिला आहे. घराभोवतीची बाग, फार्मचं अंगण आणि इमारती, उभं पीक हे त्यात येत नाही. पेरलेल्या शेतात कडेकडेने चालावं. हक्क असला तरी फार्मवर आधी फोन करा. एप्रिल-मेमध्ये मेंढ्या वितात, ऑगस्ट ते ऑक्टोबर डोंगरावर हरणांची शिकार चालते, आणि वसंतापासून जुलैपर्यंत जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. शिवाय फोन केला की शेतकरी स्वतः बरोबर येण्याची शक्यता वाढते, आणि तो सोबत असला की नावं मिळतात. फेब्रुवारी-मार्च हा उत्तम काळ : नेच्याची दाटी बसलेली असते, ऊन तिरपं असतं, गोचिड्या कमी असतात.

नाव असलेली प्रत्येक खूण घ्या. नाव नसलेल्यांपैकी जुन्या वापराच्या घ्या. काही वस्तूंची गल्लत होते. गोल, कोरड्या रचाईच्या, एकच दार असलेल्या दगडी कड्याला दक्षिणेकडे ‘स्टेल’ म्हणतात. वादळात मेंढ्यांना आडोसा म्हणून तो बांधलेला असतो. कप्पे-कप्पे असलेला, मेंढ्या निवडायचा वाडा म्हणजे हायलँडमधला ‘फँक’. उतारात रुतलेला, दगडांनी आतून बांधलेला खोलगट वाडगा दिसला तर ती धान्य वाळवायची भट्टी असू शकते. चुनाभट्टी त्याहून बरीच मोठी आणि उंच, तिच्या तळाशी चुना काढायची कमान. डोंगरात ओढ्याकाठी, भोवतालापेक्षा हिरव्या गवतात लहान लंबगोल जोत्यांचा समूह दिसला की उन्हाळी चराईच्या झोपड्या, म्हणजे ‘शीलिंग’, मनात धरा आणि आसपासच्या नावांत ‘आरी’ किंवा ‘री’ ऐकू येतं का ते बघा. जुनी लागवड आणि उघडा डोंगर यांच्यामधल्या लांब भिंतीला ‘हेड डाइक’ म्हणतात. तिच्या आतली आणि बाहेरची नावं वेगळ्या धाटणीची असतात, म्हणून ती भिंत नकाशावर पूर्ण आखून घ्या.

हद्दीच्या दगडावरची अक्षरं बहुधा जमीनदारांची आद्याक्षरं असतात. दोन्ही बाजू वाचा. छायाचित्रात मोजकाठी ठेवा, दगडासाठी वीस सेंटिमीटरची, भिंतीसाठी एक मीटरची. चार दिशांनी चार चित्रं, आणि पाचवं लांबून, मागे ओळखू येणारी टेकडी घेऊन. अक्षरं उठत नसतील तर सकाळचं तिरपं ऊन गाठा किंवा संध्याकाळी कडेने टॉर्च धरा. खडू फासू नका, दगडफूल खरवडू नका.

नवा शोध लागला असं वाटलं की हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडच्या ट्रोव्ह डॉट स्कॉटवर शोधा. 2025 मध्ये ‘कॅनमोर’ या जुन्या संकेतस्थळाची जागा त्याने घेतली. जुन्या लेखांत कॅनमोर क्रमांक आढळला तर तो तक्त्यात ठेवा. 1979 च्या कायद्याखाली संरक्षित असलेल्या स्मारकाला धक्का लावणं, तिथे परवानगीविना मेटल डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. हाताला काही सापडलंच तर ते ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवायचं असतं. स्कॉटलंडमध्ये पुरातन बेवारस वस्तूंवर राजसत्तेचा हक्क असतो, जमीनमालकाचा नव्हे.

गेलिक शब्दकोश घेऊन मी आमच्या नावांचे अर्थ लावले आहेत. छापावेत का?

अजून नको. आजच्या रूपावरून लावलेला अर्थ वारंवार फसतो. ‘किल’ने सुरू होणाऱ्या नावात ‘किल्य’ म्हणजे चर्च असेल किंवा ‘कोल्य’ म्हणजे रान. ‘इंच’ म्हणजे बेट, पण नदीकाठची सपाट कुरणंही. पर्थचं नॉर्थ इंच बेट नाही. ‘लॉ’ दिसलं म्हणून कायदा आणि न्यायसभा शोधू नका, नॉर्थ बेरिक लॉ ही साधी टेकडी. ‘पिट’ने सुरू होणारी पिटलॉख्रीसारखी नावं खड्ड्यांची नव्हेत, तो पिक्टिश काळातला जमिनीच्या वाट्याचा शब्द. 1700 पूर्वीची दोन-तीन लिखित रूपं हाती आली, उच्चार आणि आघात ठाऊक झाला आणि जागेवर जाऊन जमीन पाहिली, की मग अंदाज करा आणि तो अंदाज म्हणूनच छापा. गावकरी सांगतात ती दंतकथा वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या शब्दांत ठेवा. ‘गुडमन्स क्रॉफ्ट’सारखं नाव, म्हणजे सैतानासाठी न नांगरता सोडलेला तुकडा, त्यामागच्या समजुतीसकटच नोंदवण्याजोगं असतं.

‘पायलन पार्क’, ‘टर्बाइन रोड’ अशी हल्लीची नावं घ्यायची का?

हो, नक्की. चार माणसं एकमेकांना जागा सांगायला वापरतात तेवढं पुरे आहे. सुरुवात अंदाजे कधीची, ते विचारा. ‘पार्क’ म्हणजे इथे कुंपण घातलेलं शेत, बाग नव्हे. वस्तूच्या प्रकारात ‘शेत’ लिहा.

गोळा झालेलं साहित्य टिकवायचं कसं? आमच्या आधीच्या मंडळाचा संग्रह एका संगणकात होता, तो संगणक बंद पडला.

तक्ता सीएसव्हीत, यूटीएफ-8 संकेतनात साठवा. दुसऱ्या संकेतनात गेलिकच्या मात्राखुणांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत मिळत नाहीत. स्प्रेडशीट उघडताना ग्रिडचे आकडे ‘मजकूर’ म्हणून आणा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि 042 चा 42 होतो. ध्वनी वेव्हमध्ये, चित्रं मूळ आकारात, रंगीत पेन्सिलीचे ए3 नकाशे 400 डीपीआयवर स्कॅन करून ठेवा. तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या गावात.

संग्रह कुणाकडे द्यायचा ते काम सुरू होतानाच ठरवा, कारण संमतीपत्रात ते नाव लागतं. कौन्सिलचं अभिलेखागार ही पहिली जागा. पुरातन खुणांची माहिती हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडला, आणि नावांची यादी 1996 पासून चालणाऱ्या स्कॉटिश प्लेस-नेम सोसायटीला कळवा. ओपनस्ट्रीटमॅपवरही नावं टाकता येतात, तिथे स्थानिक, जुन्या आणि गेलिक रूपांना वेगवेगळी खूणचिठ्ठी लावता येते. पण तिथे लोकांकडून ऐकलेलं किंवा हक्कमुक्त नकाशावरचंच टाका. ऑर्डनन्स सर्व्हेच्या छापील नकाशांवरचा क्राउन कॉपीराइट 50 वर्षांनी संपतो, आजच्या नकाशावरून उतरवणं चालत नाही.

छापील प्रतही काढा : ए1 आकाराचा एक नकाशा, त्यावर फक्त क्रमांक, आणि सोबत क्रमवार यादी. यादीत उजवीकडे मोठा रिकामा रकाना सोडा आणि ती गावच्या हॉलमध्ये दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसह महिनाभर टांगा. जो दुरुस्ती लिहील त्याने शेजारी आपलं नाव आणि तारीख लिहावी, अशी ठळक सूचना वर लावा. निनावी दुरुस्ती तक्त्यात घेता येत नाही.